पोशाख कोणाचा ?



गेल्या स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या शाळेंत मुलांमुलींना गणवेशावांचून येण्याची मोकळीक होती. तो दिवस आनंदांत पार पडला. परंतु पुढच्याच आठवड्यांत माझ्या टेबलावर दोन चिठ्ठ्या येऊन पडल्या. पहिली एका पालकांची होती. मुलींनीं जीन घालून शाळेच्या अंगणांत वावरावें हें शोभतें काय, आणि शिक्षकांनीं तें पाहून स्वस्थ बसावें हें तरी योग्य काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. दुसरी चिठ्ठी दहावीच्या पांच मुलींनीं मिळून लिहिली होती. मुलगे गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घालून आले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाहीं. मग आमच्याच कपड्यांची चर्चा कां, असें त्यांचें म्हणणें होतें. शेवटीं त्यांनीं विचारलें होतें, "सर, आमचा पोशाख आमचा कीं लोकांचा ?"

दोन्ही चिठ्ठ्या सभ्य भाषेंत होत्या आणि दोहोंच्या मुळाशीं कळकळ होती. म्हणून तोंडीं दोन शब्द बोलून वेळ मारून नेण्यापेक्षां या वार्षिकाच्या पानांतून सविस्तर उत्तर द्यावें असें मीं ठरविलें. हें उत्तर शाळेचें नव्हे, माझें आहे. चुकलें तर दोष माझा.

'देश तसा वेश' ही म्हण आपण सर्वच वापरतों. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' हेंहि आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असतें. या दोन्ही म्हणींत एक खरी गोष्ट सांगितलेली आहे. ती ही कीं, पोशाख अंगावर आपल्या असला तरी तो दिसतो दुसऱ्याला. आपलें वस्त्र आपल्याला आरशापुढें घटकाभर दिसतें. उरलेला दिवसभर तें इतरांशीं बोलत असतें. परिचारिकेच्या पांढऱ्या वेषानें रोग्याला धीर येतो. पोलिसाचा वेष पाहून वाट चुकलेलें मूल त्याच्याकडे धांवतें. ज्या घरीं मृत्यू झाला आहे तेथें भरजरी वस्त्र लेवून कोणी शहाणा मनुष्य जात नाहीं. पोशाख ही एक प्रकारची भाषा आहे, आणि भाषा कोणा एकट्याची नसते. एवढ्यापुरतें पहिल्या चिठ्ठीचें म्हणणें मला पूर्णपणें मान्य आहे.

परंतु यापुढें एक प्रश्न उरतोच. जो पाहतो त्याला केवळ पाहतो म्हणून हुकूम करण्याचाहि अधिकार मिळतो काय ? या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां इतिहासाला विचारावें हें बरें.

आजच्या तामिळनाडूंतील कन्याकुमारी जिल्हा हा पूर्वीं त्रावणकोर संस्थानचा दक्षिण भाग होता. तेथें ताडावर चढून रस काढावयाचा व त्याचा गूळ करावयाचा, हा पुष्कळशा नाडार लोकांचा धंदा असे. त्या काळीं त्यांना शाणार म्हणत. त्यांनीं छत्री धरूं नये, पायांत जोडा घालूं नये, सोन्याचा दागिना वापरूं नये, एका मजल्याहून उंच घर बांधूं नये, असे दंडक होते. त्यांच्या बायकांनीं घागर कमरेवर घेऊं नये. आणि सर्वांत कठोर दंडक हा कीं, त्यांनीं कमरेच्या वरचें अंग वस्त्रानें झांकूं नये. वरिष्ठांपुढें उघडें अंग हें आदराचें चिन्ह समजलें जाई. म्हणजे वस्त्र न घेणें ही तेथें शालीनता आणि वस्त्र घेणें हा उद्धटपणा !

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन मिशनरी सोसायटीचे लोक त्या भागांत आले. त्यांनीं शाळा काढल्या, आणि ख्रिस्ती झालेल्या नाडार बायका अंगांत झगा घालूं लागल्या. १८१३ सालीं कर्नल मन्रो यांनीं ख्रिस्ती स्त्रियांना अंग झांकण्याची परवानगी दिली. पण या बायकांना नुसता झगा नको होता. वरच्या जातींच्या बायका घेत तसें उपवस्त्र त्यांना खांद्यावरून घ्यावयाचें होतें. तेथेंच ठिणगी पडली. बाजारांत त्यांचीं वस्त्रें फाडण्यांत आलीं, त्यांना मारहाण झाली. १८२९ सालीं संस्थाननें जाहीरनामा काढून ख्रिस्ती बायकांना झगा घालण्याची मुभा दिली, पण वरच्या जातींसारखें उपवस्त्र घेण्याची मनाई केली. तरीहि बायका हटल्या नाहींत. १८५८ च्या अखेरीस व १८५९ च्या आरंभीं पुन्हां दंगे झाले. घरें व प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं. अखेर मद्रासचे गव्हर्नर सर चार्लस् ट्रेव्हेलियन यांनीं दडपण आणल्यावर २६ जुलै १८५९ रोजीं महाराजांनीं सर्व नाडार स्त्रियांना, मग त्या ख्रिस्ती असोत वा नसोत, अंग झांकण्याची मोकळीक दिली. तींतहि एक अट होतीच : कोणत्याहि रीतीनें अंग झांका, पण वरच्या जातींच्या रीतीनें नको.

या गोष्टींत आपल्याशीं संबंध असलेला एक धागा आहे. त्या वेळीं संस्थानचे दिवाण होते टी. माधवराव, पुढें ते सर झाले व बडोद्यासहि दिवाण म्हणून गेले. ते तंजावरच्या मराठी घराण्यांतले, विद्वान व कर्तबगार गृहस्थ. त्रावणकोरचा कारभार त्यांनीं सुधारला हें सर्वमान्य आहे. तरीहि या प्रकरणीं प्रथम जुना नियम कायम राखावा असेंच दरबारचें धोरण होतें. भला मनुष्यहि चालत आलेल्या रीतीलाच सुव्यवस्था समजूं शकतो, ही गोष्ट आपण सर्वांनीं, विशेषतः आम्हां शिक्षकांनीं, मनांत बाळगण्याजोगी आहे. मिशनऱ्यांना या यशाचा सारा मान द्यावा असेंहि मला वाटत नाहीं. सभ्य पोशाख म्हणजे काय याविषयींच्या त्यांच्याहि कल्पना त्यांच्या स्वतःच्या देशांतून आलेल्या होत्या. ज्यांच्या अंगावरचें वस्त्र फाडलें गेलें आणि ज्या दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच वस्त्र घेऊन बाजाराला गेल्या, त्या निनांवी बायकांचा हा विजय होय.

आतां थोडा विचार करा. आज मुलींच्या पोशाखाचा वाद निघाला कीं वस्त्र किती कमी यावर बोलणें होतें. तेथें वस्त्र जास्त झालें म्हणून मार पडत होता ! म्हणजे वाद हातभर कापडाचा कधींच नव्हता. आपली प्रतिष्ठा आपण ठरवावी कीं दुसऱ्यानें ठरवून द्यावी, हाच खरा वाद होता. शिवाय ज्यांच्यावर हात टाकला गेला त्या अंग झांकणाऱ्या स्त्रिया होत्या, हेंहि विसरूं नका. मुलीची छेड काढली गेली कीं 'तिनें घातलें काय होतें ?' असें विचारणाऱ्यांना मी हा इतिहास वाचावयास सांगतों. दुष्टाला निमित्त लागतें तें पदराचें नव्हे; समोरची व्यक्ति आपल्याहून खालची आहे अशी त्याची समजूत असते, आणि तीच त्याला पुरते.

दूर कशाला जावें ? आपल्या महाराष्ट्रांत अनेक उच्चवर्णीय घरांतून नवरा वारल्यावर बायकोचे केंस काढीत आणि तिच्या अंगावर लाल अलवण येई. तिनें काय नेसावें, काय ल्यावें, डोकें कसें ठेवावें, हें सारें समाज ठरवी. बाबा पदमनजी यांनीं १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' या पुस्तकांत विधवांच्या या हालांना वाचा फोडली. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी मंडळींनीं विधवांचें वपन करण्याचें नाकारलें. हातांत वस्तरा असलेल्या माणसानेंच 'हें काम मी करणार नाहीं' असें म्हणावें, यापरतें रूढीला दुसरें उत्तर कोणतें ?

पुढें डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या सत्याग्रहाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तेथें जमलेल्या स्त्रियांना उपदेश केला कीं, ज्या पद्धतीच्या लुगड्यावरून व दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखूं येते ती पद्धत टाकून द्या, आणि स्वच्छ राहा. त्याआधीं, १९१५ च्या सुमारास, त्रावणकोरांत अय्यंकाळी यांच्या नेतृत्वाखालीं पुलया स्त्रियांनीं गळ्यांतल्या दगडी माळा काढून टाकल्या होत्या. त्या माळा म्हणजे त्यांच्या दास्याची खूण होती. दोन प्रांत, दोन भाषा, पण गोष्ट एकच. कोणतें वस्त्र वा कोणता दागिना हा अलंकार आहे आणि कोणता हा गळ्यांतला पट्टा आहे, हें तो घालणाऱ्यालाच नीट ठाऊक असतें.

शिवाय रीत म्हणून जी आपण उराशीं धरतों ती तरी केवढी जुनी असते ? नऊवारी सोडून गोल पातळ नेसणाऱ्या पहिल्या पिढीच्या बायकांना नांवें ठेवणारे लोक होतेच. आज तेंच पातळ सोज्ज्वळपणाचा नमुना ठरलें आहे. पंजाबी पोशाख हा एके काळीं मराठी घरांत परका वाटे. आज तोच 'साधा पोशाख' म्हणून आईबाप मुलीला घालावयास सांगतात. आणि नऊवारी ? ती आतां सणावाराला हौसेनें भाड्यानें आणून नेसतात. एका पिढीचा निर्लज्जपणा दुसऱ्या पिढीची मर्यादा होते, आणि तिसऱ्या पिढीची परंपरा.

येथवर वाचून दहावीच्या त्या पांच मुली खूष झाल्या असतील. परंतु मुलींनो, थोडें थांबा. आतां मला माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत नवा नवा नोकरीस लागलों होतों. शिस्तीची मला फार आवड. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला प्रत्येकानें पांढरे बूट घालून यावें असा नियम होता व तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्याचें काम माझ्याकडे होतें. आठवींतला एक मुलगा साध्या स्लिपर घालून आला. मीं त्याला रांगेंतून बाहेर काढलें आणि झेंडावंदन संपेपर्यंत भिंतीशीं उभें केलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्याचें तें मुकाट्यानें उभें राहणें मला त्या वेळीं हट्टीपणाचें वाटलें.

निकालाच्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. बोलतां बोलतां सहज तिच्या तोंडून निघालें कीं, तिचा धाकटा मुलगा सकाळच्या शाळेंत आणि हा थोरला दुपारच्या. दोघांत मिळून बुटांचा एकच जोड. धाकटा घरीं आला कीं बूट काढून ठेवी व थोरला ते घालून निघे. धाकट्याला ते सैल होत, म्हणून पुढें कागदाचा बोळा घालीत. २६ जानेवारीला सगळ्यांनाच सकाळीं बोलावलेलें. थोरल्यानें बूट धाकट्याला दिले आणि आपण स्लिपर घालून आला.

मी त्याच दिवशीं संध्याकाळीं त्याच्या घरीं जाऊन त्याची क्षमा मागितली. तो नुसता हसला. पण ती भिंत मला अजून दिसते.

गणवेश कशासाठीं असतो ? श्रीमंताचें मूल व गरिबाचें मूल एका बाकावर बसलें तर कोण कोणाचें तें ओळखूं येऊं नये, यासाठीं असतो. हा हेतु थोर आहे, आणि म्हणूनच मी गणवेशाचा कट्टा पुरस्कर्ता आहें. पण ज्या नियमानें भेद झांकावयाचा त्याच नियमानें मीं तो भेद चारशें मुलांपुढें उघडा केला. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत सभास्थानीं आलेल्या दोन माणसांची गोष्ट आहे. एकाच्या बोटांत सोन्याची अंगठी व अंगावर उंची वस्त्र, दुसऱ्याचें वस्त्र मळकट. पहिल्याला मानाची जागा मिळते आणि दुसऱ्याला उभें ठेवण्यांत येतें. हा उतारा मीं कित्येकदां वर्गांत शिकविला होता. त्या सकाळीं तो मला आठवला नाहीं.

ही गोष्ट मीं मुलींना मुद्दाम सांगितली. कारण गणवेशावांचूनच्या त्या आनंदाच्या दिवशीं सात-आठ मुलें शाळेंत आलींच नव्हतीं. एक मुलगा गणवेशांतच आला व विचारल्यावर म्हणाला, "सर, मला दिवसाची आठवण राहिली नाहीं." आठवण त्याला पुरती होती, दुसरे चांगले कपडे नव्हते. 'आमचा पोशाख आमचा' असें आपण म्हणतों तेव्हां ज्याच्याजवळ निवड करावयास दुसरा जोडच नाहीं त्याच्या स्वातंत्र्याचें काय, याचा विचार आपल्या मनाला शिवतो काय ?

आणखी एक गोष्ट. त्या दिवशीं मीं नीट निरखून पाहिलें. 'आमची मर्जी' म्हणणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या जीनला गुडघ्यावर सारख्याच जागीं सारख्याच फाटलेल्या चिरा होत्या. ही मर्जी नक्की कोणाची ? गल्लींतल्या चार लोकांचें भय सोडून आपण मोबाईलवरच्या चार लाख लोकांचें भय पत्करलें, तर धनी तेवढा बदलला. चाकरी सुटली नाहीं. जाहिरातदारहि 'लोक काय म्हणतील' हेंच सांगत असतो, फक्त हसून सांगतो व वर पैसे घेतो.

मग नियम करावेत तरी कसे ? माझ्या अल्प अनुभवावरून पोशाखाचा कोणताहि नियम तीन कसोट्यांवर घासून पाहावा असें मला वाटतें. पहिली : नियम कामासाठीं, आरोग्यासाठीं, सुरक्षिततेसाठीं किंवा प्रसंगाच्या गांभीर्यासाठीं आहे कीं कोणाला खालीं दाबून ठेवण्यासाठीं ? प्रयोगशाळेंत केंस बांधून यावें हा पहिल्या जातीचा नियम. त्रावणकोरचा दंडक दुसऱ्या जातीचा. दुसरी कसोटी : तो मुलगा व मुलगी, श्रीमंत व गरीब, सर्वांना सारखा लागू आहे काय ? तिसरी : ज्यांनीं तो पाळावयाचा त्यांना त्याविषयीं तोंड उघडण्याची सोय आहे काय ? त्या मुलाला मीं एक शब्द विचारला असता तर पुढचें सर्व टळलें असतें.

विद्यार्थ्यांसाठींहि माझ्या दोन कसोट्या आहेत. हा पोशाख कोणी पाहणार नसतें, कोणी त्याचा फोटो काढणार नसतें, तरी मीं तो घातला असता काय ? आणि माझ्या पोशाखानें शेजारी बसलेल्याला आपलें दारिद्र्य किंवा आपलें दुःख अधिक बोचेल काय ? या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला प्रामाणिकपणें देतां आलीं, त्याला माझ्या उपदेशाची गरज नाहीं.

पालकांना एवढेंच विनवितों कीं, 'चार लोक काय म्हणतील' हें वाक्य घरांत किती वेळां उच्चारलें जातें आणि त्यांतून मुलाला उद्देशून किती वेळां, हें एकदां मोजून पाहावें. तें जर मुलीच्याच वांट्याला येत असेल तर ती मर्यादा नव्हे, पक्षपात आहे. मुलगी रात्रीं परत येतांना तुमचा जीव टांगणीला लागतो हें मी जाणतों. मीहि बाप आहें. पण त्या काळजीचा उपाय मुलीच्या पोशाखांत नाहीं. आपल्या मुलांना आपण दुसऱ्याच्या मुलीकडे कसें पाहावयास शिकवितों, त्यांत आहे. कायदाहि याच दिशेनें चालला आहे. २०१४ सालीं तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीं निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें पोशाख हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा एक भाग मानला. अर्थात् त्या स्वातंत्र्यालाहि वाजवी मर्यादा असूं शकतात हें राज्यघटनेंतच सांगितलें आहे. म्हणजे आपण घरांत जो वाद घालतों तोच न्यायालयांतहि चालतो. त्याची कोणाला लाज वाटण्याचें कारण नाहीं.

आतां दोन्ही चिठ्ठ्यांचें उत्तर. शाळेच्या वेळांत गणवेश राहावा. मात्र ज्याच्यापाशीं तो पुरता नसेल त्याला चारचौघांत कधींहि जाब विचारला जाऊं नये, आणि शाळेनें बुटांचे व सदऱ्यांचे कांहीं जादा जोड गाजावाजा न करतां कपाटांत ठेवावेत. पुढल्या संमेलनाच्या दिवशींचा नियम विद्यार्थ्यांचे व पालकांचे प्रतिनिधी एकत्र बसवून ठरवावा. तो मुलामुलींना एकच असावा, आणि त्यासाठीं कोणालाहि नवें कापड विकत घ्यावें लागूं नये. शाळेबाहेरचा पोशाख हा घराचा प्रश्न आहे. तेथें मुलांचें वय वाढेल तसा त्यांच्या शब्दाला मान वाढावा. आणि तीं सज्ञान झालीं कीं आपला अधिकार सल्ला देण्यापुरताच उरतो, हें आपण वडीलधाऱ्यांनीं हंसतमुखानें मान्य करावें.

मुलींनो, तुमचा पोशाख तुमचा आहे. तो लोकांना दिसतो म्हणून लोकांचा होत नाहीं. पण ज्या बायकांनीं मार खाऊन तो हक्क मिळविला, त्यांना तो मिरविण्यासाठीं नको होता; मान वर करून चालण्यासाठीं हवा होता. तुम्ही काय घालाल तें घाला, पण तें घालून मान वर असूं द्या. आणि तुमच्या शेजारच्याची मान खालीं जाणार नाहीं एवढें पाहा.

— एक शिक्षक